पावणेदोनशेचा गारठा

शिरोळात बाळासो चौगुले नावाचे निदान चार जण निघतील. एक ट्रॅक्टरचे बाळासो, एक डेअरीचे, एक वाडीच्या वाटेवर पेढे विकणारे. चौथे आपले, हवेचे बाळासो. या नावात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. डेअरीच्या रांगेत किटली घेऊन उभे राहिले की कुणीतरी हमखास म्हणतं, "पस्तीस वर्सं नुसती हवा मोजली आन् सरकारनं पेन्शन दिली. नशीब लागतंय, राव!" बाळासो हसतात. चिडून उपयोग नसतो हे माणसाला साठीनंतर कळतं आणि बाळासोंचं तर सदुसष्टावं चालू आहे.

पण गाव म्हणतं ते अर्धंच खरं होतं. पस्तीस वर्षांतली तेराच वर्षं बाळासोंनी हवा मोजली. उरलेली बावीस त्यांनी तारमाळाच्या स्टोअरात बसून फ्यूज, बल्ब आणि झाडूंची नोंद ठेवली. स्टोअरात का बसवलं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. ही गोष्ट त्यांनी बायकोला, म्हणजे अंबूबाईंना सोडून कुणापाशी कधी काढली नव्हती आणि अंबूबाईंपाशीही एकदाच.

तारमाळ म्हणजे कागलच्या पुढं, हायवे सोडून आत गेलं की लागणारा मोठा माळ. तिथं एकोणीसशे एक्क्याऐंशी साली सरकारनं पंचवीस खांब पुरले, त्यांच्यावर तारांचं जाळं ताणलं आणि कडेला तीन खोल्यांचं केंद्र बांधलं. त्याचं खरं नाव हातभर लांब आणि इंग्रजी होतं. लोकांनी सोयीचं नाव ठेवलं. आसपासच्या बायका विचारायच्या, एवढ्या तारा हायत तर गोधड्या वाळत घालायला काय हरकत हाय? एकदा एकीनं खरंच घातल्या होत्या.

केंद्राचे प्रमुख अमरसिंह सरनोबत. मूळचे कोल्हापूरचेच, शुक्रवार पेठेतले, पण शिकायला बाहेर राहून आलेले. पाहुणे आले की इंग्रजी, ऑफिसात पुस्तकी मराठी आणि माळावर एकटे असले की शुद्ध पेठेतली भाषा, अशा त्यांच्या तीन जिभा होत्या. खांब पुरायचं काम चालू असताना ते एका दुपारी रस प्यायला शेजारच्या गुऱ्हाळावर आले. तिथं काहिलीशी बाळासोंचे वडील उभे होते. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा गुळव्या नव्हता. रस उकळून दाट झाला की वडील थंड पाण्यात हात बुडवायचे, उकळत्या काहिलीतून चिमूटभर पाक उचलायचे आणि पाण्यात धरून त्याची गोळी वळायचे. गोळी बोटाला चिकटली तर अजून आच. टणक होऊन भांड्यावर टणकन वाजली तर काहील उतरवायची.

"थर्मामीटर लावून का नाही बघत?" साहेबांनी विचारलं.

वडील म्हणाले, "थर्मामीटर गूळ खातोय व्हय?"

साहेब एवढे हसले की त्यांच्या हातातला रस सांडला. मग त्यांनी चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या पोराकडं बघितलं. पोरगं तेवीस वर्षांचं, दहावी पास आणि बेकार. साहेबांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि बाळासो चौगुले निरीक्षक झाले. पहिल्याच दिवशी साहेबांनी त्यांना बांधावर बसवून जे सांगितलं, ते बाळासोंना आजही तोंडपाठ आहे.

"हे बग बाळासो. आपल्या डोक्यावर सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर हवेचा एक पट्टा हाय. फुगा तितवर पोचत न्हाय, वाटेतच फुटतोय. उपग्रह तितं खाली आला तर जळून जातोय. मग तितं गारठा किती हाय, हे कसं कळायचं?"

"कसं?" बाळासो म्हणाले.

"तुझ्या बानं बगितलं तसं. आच मोजायची न्हाय. आचेनं काय घडतंय ते बगायचं."

आणि साहेबांनी मातीत काटकीनं काढून दाखवलं. वर उन्हाचा मारा एवढा की हवेचे कण फुटतात. फुटलेल्या कणातून इलेक्ट्रॉन सुटा होतो, उरतो त्याला आयन म्हणायचं. आता गारठा असला की त्या आयनाला पाण्याचे रेणू येऊन चिकटतात आणि त्याचा घोस होतो. जितका गारठा जास्त, तितके घोस जास्त. हा घोस मोठा खादाड. समोर आलेला सुटा इलेक्ट्रॉन तो चटकन गिळून टाकतो. तेव्हा सुटे इलेक्ट्रॉन किती उरले ते मोजलं, की घोस किती झाले असतील ते कळतं आणि घोस कळले की गारठा कळतो. इलेक्ट्रॉन कमी म्हणजे गारठा जास्त. मोजायचं कसं, तर खालून तारांतून रेडिओची लहर वर सोडायची. तिचा प्रतिध्वनी परत येतो, खोलीतल्या कागदाच्या गुंडाळीवर पेन वळवळतं, त्यावरून आकडा काढायचा.

बाळासोंना हे एका दमात कळलं. पुढं मोठमोठे शिकलेले लोक केंद्र बघायला आले आणि त्यांना हे समजावताना साहेबांना घाम फुटला, तेव्हा बाळासोंना मनातून फार बरं वाटायचं. आपण कुणीतरी आहोत असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा त्या माळावर वाटलं.

ते दिवस बाळासोंना अजूनही जसेच्या तसे आठवतात. रोज दुपारी बाराचं रीडिंग. साहेब आणि ते, दोघंच. कागदावर शंभराची एकेक रेघ. पेनाचं टोक दोन रेघांच्या मधे कुठं आलंय ते डोळ्यानं ठरवायचं, पावात. दोनशे, सव्वादोनशे, अडीचशे, पावणेतीनशे, तीनशे. साहेबांचा डोळा आणि बाळासोंचा डोळा आधी वेगळा यायचा. वर्षभरात तो एक झाला. साहेब म्हणायचे, "आता मी नसलो तरी चाललंय." रीडिंग झालं की दोघं बांधावर बसून भाकरी खायचे. साहेबांचा डबा घरचा, चपाती-भाजीचा. तो बाळासो खायचे आणि बाळासोंची भाकरी, झुणका, कांदा साहेब खायचे. थंडीत कुणाच्या तरी गुऱ्हाळाचा वास माळावर यायचा आणि साहेब डोळे मिटून म्हणायचे, "उतरली बग काहील." आणि एकदा रीडिंग असं काही भलतंच आलं की साहेबांनी दोन तास गणितं केली. शेवटी बाहेर येऊन बघतात तर मेंढपाळानं खांबाला बारा शेळ्या बांधल्या होत्या आणि त्या तार ओढत होत्या. असं ते चाललं होतं. नऊ वर्षं.

नव्वद साली साहेबांची पुण्याच्या मुख्य केंद्रात बदली झाली, बढतीवर. जाताना त्यांनी बाराच्या रीडिंगची किल्ली बाळासोंच्या हातात दिली. पहिले काही महिने आकडे पोस्टानं जात होते. मग साहेबांनी दुसऱ्या गावांच्या केंद्रांशी मेळ घालायचा ठरवला, त्यासाठी आकडा रोजच्या रोज हवा झाला. फोन बसला. दुपारी रीडिंग घ्यायचं, वहीत लिहायचं आणि पुण्याला फोन करून सांगायचं.

तिकडून फोन घेणारा माणूस बाळासोंना शेवटपर्यंत दिसला नाही. त्याचं नावही पहिल्या दिवशी खरखरीत बुडालं आणि पुन्हा विचारायला बाळासो लाजले. पण माणूस बोलायला मोठा नम्र. एसटीडीची ती लाईन अशी की समुद्राच्या तळातून बोलल्यागत ऐकू यायचं. बाळासोंचा आवाज मुळात मोठा, त्यात फोन, म्हणजे विचारू नका. माळावरच्या टिटव्या उडायच्या. आकडा सांगितला की तो तिकडून परत म्हणून दाखवायचा, बाळासो "व्हय, व्हय!" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. तीन वर्षं हा रोजचा नेम होता. एका संध्याकाळी घरी येऊन त्यांनी अंबूबाईंना कौतुकानं सांगितलं होतं, "आगं, त्यो पुण्याचा पावणा आता मलाच पावणं म्हणाय लागलाय."

आणि मग चौऱ्याण्णव साली पत्र आलं. बाळासो चौगुले यांनी रीडिंगचं काम नव्या निरीक्षकाकडं सोपवावं आणि स्टोअरचा ताबा घ्यावा. खाली सही सरनोबतसाहेबांची.

नवा निरीक्षक पदवीधर होता, सोबत फॅक्सचं मशीन घेऊन आला. बाळासोंनी त्याला किल्ली दिली, पेन कुठं अडकतं ते दाखवलं आणि स्टोअरात जाऊन बसले. आपण दहावी पास, आता पदवीधरांचे दिवस आले, अशी त्यांनी समजूत घालून घेतली. समजूत घातली म्हणून काही दुःख जात नाही. साहेब वर्षातनं एकदोनदा तपासणीला यायचे. "काय बाळासो, बरं आहे ना?" एवढंच विचारायचे. तेही पुस्तकी भाषेत. बांधावर कुणी बसलं नाही. बाळासोंना वाटायचं, साहेब मोठे झाले. हे वाटणं त्यांना अजिबात आवडायचं नाही, पण दुसरं काय वाटून घ्यावं हेही कळायचं नाही.

त्यांनी आपल्या रीडिंगच्या वह्या मात्र जपल्या. पुढं केंद्राची रंगरंगोटी निघाली आणि जुने कागद रद्दीत घालायचे ठरले, तेव्हा त्यांनी त्या वह्या पोत्यात भरून एसटीच्या टपावरून शिरोळला आणल्या. माडीवर ठेवायच्या सोडून सोप्यातल्या कपाटात ठेवल्या, कारण येता-जाता दिसाव्यात. दोन हजार एकोणीसच्या पुरात कृष्णामाई सोप्यात सात दिवस राहिली. पाणी उतरल्यावर कपाटात कागद नव्हता, लगदा होता. अंबूबाई भांडी धुवत रडल्या, बाळासो तो लगदा घमेल्यात भरून परसात टाकत होते आणि रडत नव्हते.

ही झाली मागची हकिकत. आता परवाची.

गेल्या माघात एक मुलगी घर विचारत आली. पाठीला बॅग, पायात बूट. नाव संयोगिता ठवरे, गाव उमरेड, नागपूरच्या पलीकडं. पुण्याच्या मुख्य केंद्रात संशोधन करते. बाळासोंना ती एकदम ‘काका’ म्हणाली आणि अंबूबाईंनी चहा टाकला.

"काका, मी चाळीस वर्षांचे आकडे एकत्र लावतेय," ती म्हणाली. "वरची हवा हळूहळू गार होतेय का, ते बघायला. तारमाळाचे आकडे फार मोलाचे आहेत. पण तुमची तीन वर्षं जमत नाहीत."

"जमत न्हाईत म्हंजे?"

तिनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक रेघ होती, चाळीस वर्षं लांब, थोडी वरखाली होत चाललेली. मधे एका जागी ती धपकन खाली गेली होती आणि तीन वर्षांनी तशीच उडी मारून वर आली होती. तेवढ्या तीन वर्षांत तारमाळावरची हवा सहा अंशांनी गारठली होती. बाकीच्या गावांवरची नाही. फक्त तारमाळावरची.

"एवढा गारठा असा येत नाही आणि असा जात नाही," संयोगिता म्हणाली. तिला पुढचं बोलणं जड जात होतं, हे तिच्या कपाकडं बघण्यावरून दिसत होतं. "आणि अजून एक आहे. हे पुण्याचं रजिस्टर. या तीन वर्षांत दोनशे हा आकडा एकदाही नाही. तीनशे नाही. चारशे नाही. पूर्ण शंभर कुठंच नाही. पावणेदोनशे, पावणेतीनशे मात्र भरपूर. काका, माणूस जेव्हा मनानं आकडे लिहितो ना, तेव्हा तो पूर्ण आकडा टाळतो. खोटं वाटेल म्हणून."

बाळासोंना हे समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा ते उठून उभे राहिले.

"म्हंजे म्या घरात बसून आकडं लिवलं, असं म्हंतीस तू?"

"मी नाही म्हणत. मी विचारायला आलेय." तिनं पुढचा फोटो काढला. रजिस्टरच्या समासात कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं. फोन घेणारे होते इंगोले, अकोल्याचे, आता हयात नाहीत. त्यांचा शेरा होता: ‘निरीक्षक आकडा सांगताना अडखळतो. आधी पावणे म्हणतो, मग सव्वा किंवा अडीच म्हणतो. खात्री वाटत नाही.’ त्याखाली दुसऱ्या शाईत, दुसऱ्या हस्ताक्षरात दोनच वाक्यं: ‘निरीक्षक बदलावा. कारण देऊ नये.’ हे हस्ताक्षर साहेबांचं, हे बाळासोंना कुणी सांगायची गरज नव्हती.

"सरांनी तुमची नोकरी वाचवली, काका," संयोगिता हळू म्हणाली. "खोटे आकडे असं कारण लिहिलं असतं तर तुम्हाला काढूनच टाकलं असतं."

"म्हंजे मला चोर ठरीवलं आन् माफ केलं व्हय?" बाळासोंचा आवाज चढला, शेजारच्या गोठ्यातली म्हैस मान वळवून बघायला लागली. "आगं, म्या तापात रीडिंग घेतलंय! माझा बा गेला, त्याच्या तिसऱ्या दिवशी म्या तारमाळावर हुतो! अडखळतोय म्हनं! एका शब्दानं इचारलं असतं तर वह्या काढून तोंडावर टाकल्या असत्या की!"

"वह्या आहेत?"

बाळासो खाली बसले. उत्तर अंबूबाईंनी दिलं. वह्या पुरात गेल्या.

संयोगितानं लॅपटॉप मिटला. ती तीन वर्षं तिला गाळावी लागणार होती आणि गाळली तर खाली कारण लिहावं लागणार होतं. हे तिनं सरळ सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. बाळासोंच्या मनात आलं, आपण मेल्यावर आपल्या मागं एवढाच कागद राहणार. त्यावर लिहिलेलं असणार, निरीक्षक भरवशाचा नव्हता. नोकरी, पेन्शन, गावाची थट्टा, सगळं त्यांनी गिळलं होतं. हे गिळवत नव्हतं.

"काका, रागावू नका," ती जाता जाता म्हणाली, "पण तुम्ही फोनवर आकडा सांगत कसे होता, ते एकदा दाखवाल? जसं तेव्हा सांगायचात, अगदी तसं. मला इंगोले समजा." तिनं वही-पेन काढलं.

बाळासोंना हे पोरखेळ वाटलं. पण अंबूबाई म्हणाल्या, "सांगा की, काय अंगाला भोकं पडत्यात व्हय?" मग ते उठले. डावा हात कानाशी नेला. तीस वर्षांनी छाती भरून घेतली आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली.

"हॅलोऽऽ! कोल्हापूर! पावणं, दोनशे!"

संयोगितानं आकडा लिहिला. बाळासोंनी वहीत डोकावून बघितलं. तिथं एकशे पंच्याहत्तर लिहिलं होतं.

"हे काय लिवलंस?"

"पावणेदोनशे."

"म्या दोनशे म्हटलं की!"

"नाही काका, तुम्ही पावणेदोनशे म्हणालात. आत्ता."

"आगं पावणं म्हटलं, पावणं! परक्या माणसाला म्हंतोय न्हवं का आमी! पावणं, कुटल्या गावचं? पावणं, बसा, च्या घ्या. तसं. पावणं..." आणि बाळासो थांबले. तोंड उघडंच राहिलं.

संयोगिता वहीकडं बघत होती. उमरेडच्या मुलीला पावणे हा शब्द घड्याळात आणि वजनकाट्यावर माहीत. अनोळखी माणसाला अशी हाक मारतात, हे तिच्या बापजन्मात तिला कुणी सांगितलं नव्हतं. अकोल्याच्या इंगोल्यांनाही नव्हतं. तीन वर्षं रोज एक कोल्हापुरी माणूस त्यांना अदबीनं पावणं म्हणत होता आणि आकडा पूर्ण शंभराचा असला की ते त्यातून पंचवीस कापत होते. सव्वादोनशे सांगितलं की त्यांना वाटायचं, गडी आधी पावणे म्हणाला आणि मग फिरला. खात्री करून घ्यायला ते विचारायचे, ‘पावणेदोनशे?’ आणि इकडं बाळासोंना ऐकू यायचं, ‘पावणं, दोनशे?’ की बाळासो आनंदानं ओरडायचे, "व्हय, व्हय!" ध चा मा झाला म्हणतात तो याहून वेगळा नसावा. फरक एवढाच की इथं कपट कुणाचंच नव्हतं. दोघंही आपापल्या जागी सज्जन होते.

अंबूबाईंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या हसत होत्या आणि हसता हसता डोळे पुसत होत्या. संयोगितानं पुन्हा लॅपटॉप उघडला. बाकीच्या वर्षांत पूर्ण शंभराचे दिवस शेकडा किती येतात ते काढलं, तेवढे दिवस या तीन वर्षांतल्या पावणेदोनशे-पावणेतीनशेतून उचलून त्यांच्या जागी परत ठेवले. खड्डा भरून आला. रेघ सरळ झाली. सहा अंशांचा गारठा, ज्यावर पुण्यात परिसंवाद झाले होते म्हणे, तो एका शब्दाचा गारठा निघाला.

"कुठल्या दिवशी खरे पावणेदोनशे होते आणि कुठल्या दिवशी दोनशे, ते आता कळणार नाही," ती म्हणाली. "पण वर्षं गाळायची गरज नाही. कारण मी लिहीन. चूक ऐकण्याची होती, रीडिंगची नव्हती. तुमच्या नावानिशी लिहीन."

बाळासोंनी मान डोलावली. त्यांना आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण मधेच कुठंतरी अडकला. मग ते म्हणाले, "साहेब हायत का?"

सरनोबतसाहेब होते. पुण्यातच, मुलाकडं. ब्याऐंशी वर्षांचे. संयोगिताकडं त्यांचा नंबर होता.

"नगं," बाळासो म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला आता कशाला तरास?"

"लावा," अंबूबाई म्हणाल्या. त्यांच्या या स्वरापुढं बाळासोंचं कधी चाललेलं नाही.

संयोगितानं फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून थकलेला, स्वच्छ पुणेरी आवाज आला, "हॅलो, कोण बोलतंय?"

"साहेब, मी बाळासो. तारमाळावरचा."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "बोला."

साहेबांनी त्यांना कधी ‘बोला’ म्हटलं नव्हतं. बाळासोंनी सांगितलं. आरडाओरडा न करता, एकेक शब्द सुटा करून. इंगोल्यांचा शेरा, पूर्ण शंभर न सापडणं, मुलीच्या वहीतले एकशे पंच्याहत्तर.

"इंगोले अकोल्याचा होता," साहेब म्हणाले. "त्याला कळलं नसणार."

"व्हय साहेब."

"पण मी?" आवाज फुटला. आणि तीस वर्षांत बाळासोंनी जी भाषा ऐकली नव्हती ती त्या फोनमधून आली. "मी तर शुक्रवार पेठेतला की रं. मला कळाय नगं हुतं? ते रजिस्टर चार दिवस माझ्या टेबलावर हुतं. माझ्या बाळासोनं आसं का केलं म्हनून मी चार दिवस जेवलो न्हाय. पण तुला एक फोन न्हाय केला. मी तुला इचारलं का न्हाय रं?"

स्टोअरातल्या बावीस वर्षांत बाळासोंनी साहेबांना ऐकवायची किती वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता तोंडात येईना.

"मीबी इचारलं न्हाय की साहेब," ते म्हणाले. "मला का काडलं म्हनून. पुण्याची गाडी रोज हुती."

"तू कशाला इचारशील? वरच्यानं इचारायचं आसतंय."

ते खरंच होतं. साहेबांच्या श्वासाचा आवाज येत होता, म्हाताऱ्या माणसाचा, जरा घरघरता. मागं कुणीतरी बाई विचारत होती, बाबा, काय झालं, कुणाचा फोन आहे.

"बाळासो."

"जी."

"ठिवू नगंस फोन."

"न्हाय ठिवत," बाळासो म्हणाले.